मांडी मावेल अशी गाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत बसून कांदाभजी खाल्ली. गाडी जुनी पांढरी पद्मिनी, दिवेआगरच्या एका सुपारीवाल्याची. विकायची होती म्हणून बघायला गेलो होतो. मुलगा मालकाशी बोलत वाडीतच थांबला आणि आम्ही दोघं एक चक्कर मारायला निघालो. किनाऱ्याच्या रस्त्याला सुरूच्या सावलीत मी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि टपरीवरून भजी आणली. बायको पुढच्या सीटवर मांडी घालून बसली होती. भजीचा कागद तिने मांडीवर ठेवला आणि मिरच्या माझ्याकडे सरकवल्या. तिला मिरची चालायची नाही.

"बंद करा की ती. डोकं उठलं," ती म्हणाली.

"बंद केली तर उभ्या उभ्या तापते का नाय ते कसं कळणार?"

"बरी हाय ही. हीच घ्या."

"बघू दे आधी नीट."

"जनमभर बघतच आलाव तुमी. मना बघायला आलाव तवा पन दोनदा आलाव."

ते खरं आहे. मी दोनदा गेलो होतो. पहिल्यांदा तिच्या बापाने मिठागराचाच विषय इतका ताणला की मुलगी बघायची राहिली.

भजी संपली, तिने कागदाची घडी केली, हात पदराला पुसले. गाडी नेऊन मालकाला दिली, कळवतो म्हणालो. मुलाच्या गाडीने दिघीला आलो, फेरीबोटीत चढलो, आगरदांड्याला उतरलो, घरी येऊन भात आणि सुकटीचं कालवण जेवलो. झालं. एवढंच. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर अजून एक प्लेट भजी घेतली असती.

आम्ही खारेपाटातली माणसं. अलिबाग आणि पेणच्या मधे जो खाडीकाठ आहे, तिथली. बापाचं मिठागर होतं म्हणजे बाप दुसऱ्याच्या मिठागरात राबत होता. मी चौथीपर्यंत शिकलो आणि मग ट्रकवर गेलो. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. मीठ नेलं, रेती नेली, बंदर झाल्यावर कंटेनर नेले. इंदूर, नागपूर, कलकत्ता सगळं केलं. बायको मुरुडच्या पुढे गेलेली नव्हती. मी घरी यायचो तो झोपायला. मग रिटायर झालो तर मुलगा-सून दोघं नोकरीला, नातवंडं हिच्या गळ्यात. रविवारी सून घरी असते. तेवढा एकच दिवस हिचा मोकळा. तर ती म्हणाली, रविवारी मना गारीतून फिरवा. आमच्याकडे गाडीला गारी म्हणतात. वाटेत बायला घेऊ, ती पण सुटेल घरातून. बाय म्हणजे हिची थोरली बहीण, रेवदंड्याला राहते, एकटी. तिचा नवरा जाऊन जमाना झाला. तिला सगळं गाव बाय म्हणतं आणि सगळं गाव तिच्या तोंडाला भितं.

मला खरं सांगायचं तर फिरायची हौस नव्हती. स्टिअरिंगचा कंटाळा आला होता. पण ही कधी काही मागायची नाही, म्हणून म्हटलं बघू.

अडचण तिच्या पायांची. लहानपणापासून मिठागरात पाय घालून उभी राहिलेली बाई. म्हातारपणी तिचे पाय खाली लोंबले की घटकाभरात सुजायचे. मांडी घातली की बरं वाटायचं. डॉक्टर म्हणायचा मांडी घालू नका, गुडघे जातील. ती म्हणायची, गुडघे माझे, डॉक्टर तुमचा. मुलाच्या नव्या गाडीत पुढे दोन वेगळ्या सीटा, मधे गिअर, ब्रेक आणि बाटल्या ठेवायचा डबा. मुलगा म्हणाला याला बकेट सीट म्हणतात. ती म्हणाली, तरीच, बादलीत बसवून विहिरीत सोडल्यासारखं वाटतंय.

जुन्या गाड्यांना पुढे एकच सलग सीट असायची, बाकासारखी, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मधे काही नाही. तिथे मांडी मावते. असं करत आम्ही जुन्या गाडीवर आलो. मुलाला हसू आलं. म्हणाला, बाबा, या गाड्यांना आता क्लासिक म्हणतात, मुंबईचे लोक शनिवार-रविवार फिरवायला हौसेने घेतात. मी म्हटलं, आम्ही हौसेने घेत नाही, पायांसाठी घेतो.

पहिली बघितली ती अलिबागजवळ एका बंगलेवाल्याची. चकचकीत, आरशासारखी. लग्नात नवरदेव मिरवायला भाड्याने द्यायचा. ही आत जाऊन मांडी घालून बसली, हात फिरवला. मालकाने किंमत सांगितली. तिने मांडी मोडली आणि खाली उतरली. मी काही बोलायची गरजच पडली नाही. दुसरी माणगावच्या एका निवृत्त मास्तरांची, हिरवी. पण ती उशिराची गाडी, पुढे वेगळ्या सीटा, गिअर खाली. हिने बसून बघितलं तर एक गुडघा ब्रेकवर यायला लागला. मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "चांगली हाय वो, पन माजी नाय." तिसरी दिवेआगरची. तिथे हिचं ठरलं. माझं नव्हतं ठरलं.

का नव्हतं ते सांगतो. आम्ही पोचलो तेव्हा मी सवयीने बॉनेटवर हात ठेवला, तर गरम. म्हणजे मालकाने आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलेली. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड वाजतं. इंजिन ऐकायचं ते रात्रभर थंड पडलेलं, पहाटेचं. तेव्हा ते खरं बोलतं. मी आयुष्यात एकही ट्रक थंड इंजिन ऐकल्याशिवाय घेऊ दिला नाही, ना शेठला ना मित्राला. बाकी काही मी बघतच नाही. रंग, पत्रा, दरवाजे, काच, सगळं नंतर. ट्रकमधे तसंच असतं. कंपनीतून ट्रक येतो तो नुसती चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि इंजिन. वर काही नाही. मी तशा उघड्या चेसी लाकडाच्या खोक्यावर बसून, तोंडाला फडकं बांधून, शेकडो मैल आणल्या आहेत. ऊन, वारा, धूळ, सगळं अंगावर. मग बॉडी बांधणाऱ्याकडे द्यायची, तो लाकूड, पत्रा घालून पाहिजे तशी बॉडी बांधून देतो. सडली की काढून नवी बांधतो. आमच्यात बॉडी म्हणजे कपडे. इंजिन आणि चेसी म्हणजे माणूस.

म्हणून मी म्हटलं, कळवतो. मनात होतं, एकदा पहाटे येऊन ऐकू.

त्यानंतरच्या मंगळवारी ती गेली. सकाळी भांडं गॅसवर ठेवलं, जरा बसते म्हणाली आणि बसली ती बसलीच. पाणी उकळून आटलं. आणखी काय लिहू. लिहिण्यासारखं काही झालंच नाही. जे झालं ते इतक्या गुपचूप झालं की मी बाहेर ओटीवर दात घासत होतो आणि मला कळलं नाही.

दहाव्याला खाडीवर गेलो. पिंड ठेवले. कावळे होते, नाही असं नाही. समोर खारफुटीत बसलेले दिसत होते. एकही येईना. मग लोक बोलायला लागतात तसे बोलायला लागले. मुलगा म्हणाला, आई, नातवंडांचं आम्ही नीट करू. कावळा नाही. मुलगी म्हणाली, बाबांना मी बघेन. नाही. ऊन चढलं. बाय पाण्याजवळ दगडावर बसली होती, ती उठली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली,

"पावनं, तुमी बोला. गारी घेतो म्हना."

मी खारफुटीतल्या कावळ्यांकडे बघितलं.

"म्हना की. त्या गारीत जीव अडकलाय तिचा. मना फोनवर सांगितलंन तिनं, मांडी मावते म्हनून."

बाकीच्यांनी पण धरलं. बोल बाबा बोल, काय जातं तुझं. सगळे भुकेले, सगळ्यांना घरी जायचं. भटजी माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "थंड इंजिन ऐकलं नाय अजून."

कुणीतरी हसलं आणि तोंडावर हात ठेवला. बाय माझ्याकडे अशी बघत राहिली की मी खाडीत उतरावं. पण मी काय खोटं बोललो? शब्द द्यायचा तर ज्याला द्यायचा तो कावळा असो की शेठ असो, तो पाळायला लागतो. घेतो म्हणायचं आणि मग गाडी खराब निघाली म्हणून घ्यायची नाही, हे मला जमत नाही. आणि तिलाही ते आवडलं नसतं. तिला माहीत होतं मी कसा आहे. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. सगळे उठले. बाय तेराव्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेराव्याला बोलली ते पण "मीठ कमी हाय" एवढंच.

गावात ते पसरलं. म्हाताऱ्याने गाडीचं कबूल केलं नाही म्हणून कावळा शिवला नाही. नाक्यावर दूध घ्यायला गेलो तरी कुणी ना कुणी विचारायचा, काय, घेतली का? मला राग येत नव्हता. दमलो होतो. खाणं-झोपणं सगळं दमूनच. तिने जाण्याआधी स्वतःसाठी तोंडाने मागितलेली एकच गोष्ट शिल्लक होती, ती गाडी, आणि ती घ्यायची की नाही हे माझ्यावर होतं. बाकी जे काही होतं ते संपलेलं होतं. साड्या मुलीने नेल्या, जोडवी सुनेला दिली. राहिली ती गाडी, आणि तीही दुसऱ्याच्या वाडीत उभी.

बायचा फोन यायचा.

"घेतलीस?" रागात असली की ती पावनं सोडून अरे-तुरेवर येते.

"नाय."

"मग कंदी?"

"जाईन."

"जाशील, जाशील. मी मेल्यावर माझ्या पिंडाला येऊन सांग, थंड नाय ऐकलं म्हनून."

मग एक दिवस सुपारीवाल्याचा फोन आला. म्हणाला, एक गिऱ्हाईक आलंय, तुम्हाला आधी विचारतोय. मी म्हटलं, उद्या येतो, पण मुक्कामाला येतो. पहाटे चालू करून बघणार. आदल्या दिवसापासून किल्ली माझ्याकडे द्या. तो म्हणाला, या, खोली रिकामी आहे.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गेलो, मुलाला सांगितलं नाही. फेरीबोटीत वर रेलिंगला उभा राहिलो. वाडीत पोचलो तर मालक सुपाऱ्या वाळत घालत होता. शिकला-सवरलेला, मऊ बोलणारा माणूस. घरात पर्यटकांना खोल्या देतात, त्याच्यावर चालतं. वादळात त्याच्या पोफळी अर्ध्या आडव्या झाल्या, त्याचं तो अजून बोलतो.

"वहिनी नाही आल्या?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने हातातला झाडू खाली ठेवला. थोड्या वेळाने त्याची बायको चहा घेऊन आली. ती म्हणाली, "त्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, आमचं माणूस परत येईल बघा एकटंच, पहाटे ऐकायला. तुम्ही तेव्हा चहा द्या त्याला, नाही तर चिडतो."

मी चहा घेतला.

किल्ली उशाशी ठेवून झोपलो. पहाटे उठलो, अंगण ओलं होतं. ताडपत्री काढली. बॉनेटवर हात ठेवला, गार दगड. चोक ओढला, किल्ली फिरवली, अर्ध्या फेरीत इंजिन धरलं. न खोकता. धूर नाही, टकटक नाही, थरथर नाही. मी उतरून पुढे उभा राहिलो आणि ऐकत राहिलो. आख्ख्या आयुष्यात इतकं शहाणं इंजिन फार कमी ऐकलं. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी. म्हटलं, बरोबर होती ती. तिने भजी खाता खाता ओळखलं आणि मी इतका फिरलो.

एकच राहिलं होतं, खाली तेल गळतंय का बघायचं. तेही इंजिनचंच. गोणपाट पसरलं आणि खाली सरकलो. तेल नाही, एक थेंब नाही. पण डोळ्यात काहीतरी पडलं. चोळलं, बघितलं तर गंज. पापुद्रे. वर हात लावला तर हाताबरोबर खाली आले. खिशातला पाना काढून टोचला, तो आरपार गेला. दुसरीकडे टोचला, तिथेही गेला. वादळात शेडचे पत्रे उडाले तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली, पाणी आत जाऊन बसलेलं, वर खारा वारा. तळ म्हणून काही राहिलंच नव्हतं. वरून कुणीतरी प्लायवूड टाकून त्याच्यावर रबराची चटई अंथरली होती. खालून मला प्लायवूडच दिसत होतं.

सगळ्यात वाईट डावीकडे होतं. तिच्या बाजूला.

मी तिथे पडून राहिलो. वर इंजिन चालू, मस्त. मांडी घालून बसली होती म्हणून तिचे पाय खाली टेकलेच नव्हते. टेकले असते तर तिला पहिल्या पावलाला कळलं असतं, मिठागरातली बाई ती, तळपायाला सगळं कळायचं तिच्या. चिखल कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत, न बघता सांगायची.

मालक आला, वाकून म्हणाला, "काय हो, काय झालं?"

"तळ गेलाय."

त्याला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं, त्याचा चेहरा बघून कळलं. प्लायवूड त्याच्या गड्याने टाकलेलं. त्याने एक पापुद्रा हातात घेतला, बोटांनी चुरला आणि म्हणाला, "सगळे येतात ते रंग बघून जातात."

"असू द्या," मी म्हटलं. "इंजिन सोनं आहे. बॉडी काय, नवी बांधू. कुणाला देऊ नका."

इतक्या सहज बोललो मी. मला वाटलं, गंजलेला तर गंजलेला, पत्राच तर आहे. कपडे फाटले, नवे शिवू. परत येताना बोटीत मी मनात रंगही ठरवला.

कळंबोलीला एक ओळखीचा बॉडीवाला आहे. आता मुलं धंदा बघतात, तो खुर्ची टाकून बसतो. माझ्या किती ट्रकांना त्याने बॉडी बांधली असेल. मी त्याला सगळं सांगितलं, मोबाईलवर काढलेले फोटो दाखवले. तो फोटो बघता बघता हसायला लागला, मग हसायचा थांबला.

"आणि बॉडी काढून काय करणार?"

"नवी बांध. चेसी आहे ना."

"कुठाय चेसी?"

"म्हणजे?"

"अरे ड्रायव्हर, या गाडीला चेसीच नसते. तुझ्या ट्रकसारखी खाली वेगळी नसते. तळ, बाजू, छप्पर, सगळं मिळून एकच डबा. त्या डब्यालाच इंजिन लटकवलेलं असतं, त्यालाच चाकं. हाडं आणि कातडं एकच. तू कातडं काढ म्हणतोस, मग हाडं कुठून आणू?"

मला पटेना. मी म्हटलं, असं कसं होईल. त्याने समोर उभी असलेली एक मोडकी कार दाखवली, मला खाली वाकवलं. खरंच नव्हती. एवढा जन्म रस्त्यावर गेला, हजार कारना ओव्हरटेक केलं, आणि कारच्या खाली काय असतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. मला वाटायचं जे आपल्याखाली आहे तेच सगळ्यांखाली आहे.

"ठिगळं मारून देतो," तो म्हणाला. "गावातल्या गावात फिरव. माणूस बसवून लांब नेऊ नको. एखाद्या खड्ड्यात मधूनच बसायची."

"माणूस बसवायचा नसेल तर गाडी कशाला?"

"ते तू बघ," तो म्हणाला. मग मोबाईल परत देत, "जेवून जा."

जेवलो नाही. दिवेआगरला फोन केला, सांगितलं घेत नाही. मालक म्हणाला, दुसऱ्या गिऱ्हाइकालाही आता खरं काय ते सांगतो, मग भंगारवाल्याला बोलवावं लागेल. मी म्हटलं, इंजिन आधी काढून ठेवा, ते वेगळं विका. ते भंगारात घालू नका. तो हो म्हणाला.

बायला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून रेवदंड्याला गेलो. ती अंगणात बोंबील साफ करत बसली होती, डोकी एका बाजूला, धड एका बाजूला. भोवती मांजरं. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तळ, प्लायवूड, चेसी, सगळं. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, हात चालूच.

"म्हंजे नाय घेत."

"नाय. त्यात माणूस बसवायचा नाय मी."

"ती बसली होती."

"बसली होती. मला माहीत असतं तर नसती बसवली."

तिने एका मांजराला डोकं टाकलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मना वाटलं तू कंजूसपना करतंस. सडकी वस्तू असंल तर कावल्याला पन नाय द्यायची. मग दुसरी कनची हाय?"

"मास्तरांची आहे माणगावला. हिरवी. अजून विकलेली नाय म्हणतात."

"मग ती घे."

"त्यात मांडी नाय मावत."

"कोनाची?"

मी एका मांजराला पायाने बाजूला सारलं.

तिने बोंबील खाली ठेवला आणि हात धुतले. नीट, साबणाने. मग आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली, पाय खाली सोडून.

"बग, माजे पाय लोंबतात. कंदी सुजत नाय. बादली असू दे नाय तर पिंप असू दे, मी बसते. ती म्हनाली होती ना वाटेत बायला घेऊ? मग? मी काय मेले?"

त्या पायरीवर बसून आम्ही दोघं जरा वेळ रडलो. ती माझ्यापेक्षा कमी. मग म्हणाली, आता ऊठ, मांजरं बोंबील खातायत.

मास्तरांकडे मुलाला घेऊन गेलो. मास्तर किल्ली घेऊन पुढे आले, मी आधी गोणपाट मागितलं.

"अहो, चालू तर करून बघा आधी," मास्तर म्हणाले.

"ते नंतर. बॉनेटही नका उघडू."

खाली सरकलो, पाना घेऊन इंचाइंचाने टोचत गेलो. कुठेही गेला नाही. माणगाव समुद्रापासून आत आहे, तिथे हवेत मीठ नाही. गाडी घराच्या भिंतीआड उभी राहिलेली, मास्तरांनी कुणाला हात लावू दिलेला नव्हता. वर येऊन इंजिन ऐकलं. ठीक होतं. दिवेआगरच्यासारखं नव्हतं. थोडं खोकलं, मग धरलं. मी म्हटलं चालेल. मास्तरांनी आम्हाला जुना जॅक, एक स्पेअर पट्टा आणि काच पुसायचं पिवळं फडकं बरोबर दिलं, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभे राहिले.

शनिवारी संध्याकाळी मी ती घरी आणली. मुलगा त्याच्या गाडीने मागून येत होता. कोलाड, नागोठणे, वडखळ. रस्ता तसाच, खड्डे तसेच. लोक विचारतात, एकटा चालवताना काय वाटलं. काही वाटलं नाही. गिअर जरा घट्ट होता, त्यात लक्ष होतं. आठवण येते ती अशी ठरवलेल्या जागी येत नाही, ती भलतीकडे येते, न्हाणीघरात, कुकरची शिट्टी झाल्यावर. त्या दिवशी आली नाही. घरी आलो, सुनेने गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, मी जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलाला वाटलं मी सकाळीच रेवदंड्याला निघेन. सून डबा करत होती.

"बाबा, बाय वाट बघतेय, दोनदा फोन आला," तो म्हणाला.

"सांग तिला, पुढच्या रविवारी. आज खालचं काम आहे."

रात्रीच नाक्यावरच्या गॅरेजातून मी जुनं काढलेलं इंजिन ऑइल आणून ठेवलं होतं. इथे सगळे ट्रकवाले पावसाआधी खालून तेच मारतात. मीठ धरत नाही मग. मी आपला इतकी वर्षं ते चेसीला मारत आलो, कारला मारायचं असतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. गाडी शेताच्या बांधाकडे नेली, डावी चाकं बांधावर चढवली, बाकीच्यांना दगड लावले. तेलात थोडं डिझेल मिसळलं, ब्रश घेतला, डोक्याला फडकं बांधलं आणि पाठीवर आत सरकलो.

बाहेर मुलगा बायला फोनवर समजावत होता. तिचा आवाज मला गाडीखालीसुद्धा ऐकू येत होता.

डावी बाजू आधी केली, मग गाडी फिरवून लावली आणि उजवी केली.